आतल्याची हाक

भक्तहो, तापीच्या काठावर डोहखेडे नावाचे गाव आहे. आपले निवांतगिरी महाराज तिथे राहत होते, तेव्हाची ही हकिकत. आज तुम्ही पुलावरून मोटारीने येता आणि थेट मठाच्या दारात उतरता. तेव्हा पूल नव्हता. पलीकडच्या तीरावर उभे राहून हाक घालायची, मग नावाडी चिलीम विझवून सावकाश नाव सोडायचा. मठ म्हणजे मातीच्या भिंती आणि वर गवताचे छप्पर. आत एक घोंगडी, एक पाण्याचा माठ आणि भिंतीत कोरलेला देवाचा कोनाडा. चैत्र-वैशाखात नदीच्या वाळूत टरबुजे होत. संध्याकाळी महाराज अंगणात बसून ती स्वतः कापत आणि येईल त्याच्या हातावर फोड ठेवत. वाळूवरून गार वारा येई. कुणाला घरी जायची घाई नसे. ज्यांनी ते दिवस पाहिले, त्यांच्या डोळ्यांत ते दिवस सांगताना अजून पाणी येते.

त्यांतलेच एक भास्करराव धारणकर. मी त्यांना पाहिले ते त्यांच्या म्हातारपणी. दर वर्षी उत्सवाला ते येत, मठाच्या ओट्यावर बसत आणि आम्ही गळ घातली की ही हकिकत सांगत. त्यांच्या तोंडून ऐकली तशीच ती तुमच्यापुढे ठेवतो.

भास्करराव डोहखेड्याच्या कुलकर्ण्यांचे, म्हणजे गावचे दप्तर सांभाळणाऱ्यांचे, चिरंजीव. शिकून मोठे झाले आणि शहरातल्या एका महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवू लागले. मन म्हणजे काय, माणूस स्वतःच्या इच्छेने काही करतो का, देव आहे असे कशावरून म्हणायचे, हे पहिल्या वर्षाच्या मुलांना समजावून देणे हे त्यांचे काम. बुद्धी तल्लख होती, वाणी गोड होती आणि अभिमान त्या दोन्हींहून मोठा होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत ते आईला भेटायला गावी येत, तेव्हा मठात एखादी फेरी ठरलेली असे. दर्शनाला नव्हे हो, वाद घालायला!

त्या वर्षी ते आले तेव्हा मठात बरीच मंडळी होती. महाराज टरबूज कापत होते.

"महाराज, एक विचारू?" भास्करराव म्हणाले.

"बस. आधी फोड घे. मग विचार."

भास्कररावांनी फोड हातात घेतली, पण खाल्ली नाही. "घड्याळ टिकटिक करतं," ते म्हणाले. "चाकं थांबली की टिकटिक थांबते. ती टिकटिक कुठं गेली असं कुणी विचारत नाही. माणसाचं मन तसंच आहे. मेंदू चालतो तोवर मन. मेंदू बिघडला, मन संपलं. आणि तुम्ही म्हणता की आत कुणी एक बसलेला आहे. तो कुठं आहे, दाखवा."

महाराज हसून म्हणाले, "आणखी सांग."

"माणूस म्हणतो, मी ठरवलं. पण प्रत्येक गोष्टीमागं कारण असतं, त्या कारणामागं आणखी कारण. मी आज इथं आलो, हेसुद्धा मी ठरवलेलं नाही, कारणांनी मला इथं ढकलत आणलं. मग पाप कुणाचं आणि पुण्य कुणाचं? राहिला देव. त्याचा पुरावा आजवर कुणी दिलेला नाही."

मंडळी अस्वस्थ झाली. महाराज मात्र मन लावून ऐकत होते. ते म्हणाले, "छान सांगतोस रे. मुलांना गोडी लागत असेल. तुझं चुकीचं आहे असं मी म्हणत नाही. एवढ्यावर तुझं सगळं भागतं का, ते कधीतरी मला सांग."

वाद व्हावा अशी भास्कररावांची इच्छा होती आणि समोरून तर वाद येईना. ते जरा चिडले. तेवढ्यात त्यांची नजर अंगणाच्या कडेला गेली.

तिथे तुळसाबाई बसली होती. ही भडभुंज्याची विधवा. गावात तिची भट्टी होती. चणे, लाह्या, मुरमुरे भाजून ती पोट भरी. तिला एकच लेक, मैना. लहानपणी मोठा ताप आला आणि त्यातून ती उठली ती अशी, की हात हलेना, पाय हलेना, तोंडातून शब्द नाही. डोळे उघडे, पण ते कशावर ठरत नसत. आता ती वयात आली होती. तुळसाबाई तिला हातगाड्यावर घालून रोज मठात आणी, पेज भरवी आणि सारखी तिच्याशी बोलत राही. आत्ताही तिचे तेच चालले होते. "मैना, महाराजांनी टरबूज फोडलं बघ. लाल लाल निघालंय. तुला रस देऊ का जरासा?"

भास्कररावांनी मोठ्याने विचारले, "तुळसाबाई, कुणाशी बोलतेस?"

"मैनेशी, भास्करदादा."

"ती ऐकते?"

"देव जाणे."

"देवाला कशाला मध्ये घेतेस? मी सांगतो. हे घर रिकामं आहे बाई. आत कुणी नाही. तू इतकी वर्षं रिकाम्या घराच्या दारात उभी राहून बोलते आहेस."

काही लोक हसले. हसावे असे त्यात काही नव्हते, पण शिकलेल्या माणसाच्या बोलण्यावर लोक हसतात. तुळसाबाईचा हात पेजेच्या वाटीत तसाच राहिला. मग ती हळूच म्हणाली, "मला काही समजत नाही दादा. पण ती आत असली आणि मी बोलले नाही, तर ती एकटी पडेल ना."

हसणाऱ्यांच्या माना खाली गेल्या. भास्करराव मात्र खांदे उडवून निघून गेले.

बोललेला शब्द वाया जात नाही, भक्तहो, चांगला नाही आणि वाईटही नाही. त्या संध्याकाळी घरी गेल्यावर तुळसाबाईने लेकीला भरवले, पुसले, निजवले. पण तिच्या तोंडून शब्द निघेना. तोंड उघडले की 'रिकामं घर' हे दोन शब्द तिच्या कानांत वाजत. दुसऱ्या दिवशी ती एकटीच मठात आली आणि महाराजांच्या पुढ्यात बसून रडू लागली.

"महाराज, खरं सांगा. माझी मैना आहे ना हो आत?"

महाराजांनी विचारले, "मी आहे म्हटलं तर तू बोलशील. नाही म्हटलं तर?"

तुळसाबाई पदराचे टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"कालपर्यंत कुणाच्या सांगण्यावरून बोलत होतीस?"

"कुणाच्याच नाही. मला वाटायचं म्हणून."

"मग आज कुणाच्या सांगण्यावरून गप्प बसलीस?"

तुळसाबाईने डोळे पुसले. ती उठली आणि घराकडे गेली. वाटेवरच्या लोकांनी सांगितले की घर दिसायच्या आधीच तिने "मैना, आले गं!" अशी हाक घातली होती.

वैशाख आला. भास्कररावांच्या घरी माळ्याखालच्या अंधाऱ्या खोलीत आंबे पिकायला गवतात अढी घातली होती. एका सकाळी आई म्हणाली, "भास्कर, पिकले असतील बघ. चार काढून आण." भास्कररावांनी गवतात हात घातला. काहीतरी गार लागले आणि मनगटाला चटका बसला. गवत सळसळले. फणा काढलेला नाग त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला.

आरडाओरडा झाला. माणसे धावली. दंडाला दोरी आवळली, वैद्यबुवांना आणले. त्यांनी जखम धुतली, मुळी उगाळून पाजली. तालुक्याला न्यायला बैलगाडी जुंपायला सांगितले, पण गाडी दारात येईपर्यंत भास्कररावांच्या पापण्या जड होऊन मिटल्या. जीभ लुळी पडली. "आई" एवढे म्हणायला गेले ते घशातच राहिले. मग मान कलली, हात पडले. वैद्यबुवांनी नाडी पाहिली. कधी लागे, कधी लागेना. शेवटी लागेनाच. नाकाशी कापूस धरला, तो हलला नाही. वैद्यबुवा मान खाली घालून ओसरीवर आले आणि म्हणाले, "आटोपलं."

आईने हंबरडा फोडला.

आणि भक्तहो, हे सगळे भास्करराव ऐकत होते!

म्हातारपणी ते इथवर आले की थांबत. पाण्याचा घोट घेत. म्हणत, "माझं शरीर म्हणजे घट्ट शिवलेलं पोतं झालं होतं आणि आत मी होतो. लख्ख जागा होतो. आईचा आवाज ओळखत होतो. अंगणात बांबू फोडत होते तो आवाज येत होता. तिरडी कुणाची, हे मला समजत होतं. मी आहे, मी आहे, असं मी ओरडत होतो. करंगळी हलवायला जीव एकवटला. करंगळी माझी राहिलीच नव्हती."

शेजारी कुणीतरी म्हणाले, "उन्हं कलायच्या आत उरकलेलं बरं." कुणी म्हणाले, "आता त्यांना काय कळतंय." भास्कररावांना ते वाक्य आपल्याच आवाजातले वाटले.

तेवढ्यात कुणीतरी जवळ येऊन बसले. लुगड्याला भाजलेल्या चण्यांचा वास होता.

"भास्करदादा, मी तुळसा," तो आवाज म्हणाला. "तुमची आई इथंच उंबऱ्याशी आहे. शेजारणीनं धरलंय तिला. बाहेर ऊन फार आहे. तुमच्या अंगावर माशी बसली होती, मी उडवली. भिऊ नका."

एक माणूस तिला म्हणाला, "अगं, वेड लागलं का तुला? तो गेला."

"गेले असतील तर माझं बोलणं कुणाला टोचणार नाही," ती म्हणाली. "असले तर एकटे नकोत पडायला."

भास्करराव सांगत, "माझे डोळे मिटलेले होते, त्यांतून पाणी येईना, पण मी आत ढसाढसा रडलो. तिला मी काय बोललो होतो! आणि ती माझ्याजवळ बसून माझी माशी उडवत होती."

छातीतला श्वास आता अगदी तळाशी गेला होता. त्या अंधारात त्या विद्वानाने आयुष्यात प्रथमच हाक मारली. शब्द साधेच होते. "कुणी असशील तर ऐक. मी इथं आहे."

महाराज त्या वेळी नदीच्या पलीकडे एका भक्ताच्या घरी पानावर बसले होते. यजमानीण भातावर वरण वाढत होती. महाराजांनी घास उचलला आणि तसाच खाली ठेवला. "आलो रे, आलो," ते म्हणाले. "ओरडू नकोस. ऐकू आलं मला."

यजमान दाराकडे बघू लागला. दारात कुणी नव्हते. महाराज हात धुऊन उठले ते तसेच अनवाणी तापलेल्या वाळूतून चालू लागले. नावाडी पुढे कितीतरी वर्षे लोकांना सांगे, "मी वल्ही उचलली तेवढंच. नाव पाण्यातून चालत नव्हती हो, कुणीतरी ओढत नेत होतं."

ते पोहोचले तेव्हा चार माणसे भास्कररावांना आंघोळीसाठी उचलत होती.

"खाली ठेवा," महाराज म्हणाले. "तो आहे."

वैद्यबुवा चाचरत म्हणाले, "महाराज, मी नीट पाहिलं हो."

"तुम्ही बाहेरून पाहिलंत. तुमचा दोष नाही."

महाराज भास्कररावांच्या उशाशी बसले. मग जे झाले ते सगळ्या डोहखेड्याने पाहिले. समोर कुणीतरी बोलत असावे तसे महाराज थांबत थांबत उत्तरे देऊ लागले.

"हो, ऐकू येतं." मग जरा थांबून, "नाही रे, वेड नाही लागलं तुला." पुन्हा थांबून, "आईनं पाणी घेतलंय. काळजी करू नकोस." आणि मग हसून, "ते मागाहून विचार. आत्ता त्याला वेळ नाही."

लोक एकमेकांकडे बघू लागले. भास्करराव पुढे सांगत, "त्यांचं एकेक उत्तर माझ्या एकेका प्रश्नाला होतं. शेवटचा प्रश्न मी विचारला होता, की तुम्हाला ऐकू कसं येतं? त्या अवस्थेतसुद्धा मला ते जाणून घ्यायचं होतं!"

मग महाराजांचा आवाज बदलला. फार मऊ झाला.

"भास्करा, तुझी छाती थकली आहे. मी तुझा श्वास धरून ठेवीन, पण तुला विचारल्याशिवाय नाही. जायचं असेल तर जा. दुखणार नाही, झोप लागते तसं वाटेल. राहायचं असेल तर तसं म्हण. हे मी ठरवणार नाही. देवही ठरवणार नाही. त्यानं ते तुझ्याकडे दिलंय."

भास्करराव सांगत की त्या क्षणी सगळी कारणे एकाच बाजूला होती. विष ओढत होते, थकवा ओढत होता, अंधार गोड वाटू लागला होता. कारणांवर सोडले असते तर ते केव्हाच गेले असते. हात नव्हता, पाय नव्हता, जीभ नव्हती. जे करता येईल असे एकच उरले होते. त्यांनी ते केले. ते आतल्या आत म्हणाले, "राहतो."

"बरं," महाराज म्हणाले आणि त्यांनी भास्कररावांच्या छातीवर हात ठेवला.

महाराजांची छाती वर आली, तशी भास्कररावांचीही आली. महाराजांनी श्वास सोडला, तसा त्यांचाही सुटला. कुणीतरी कापूस नाकाशी धरला. कापूस हलला! आईने तो पाहिला आणि ती महाराजांच्या पायांशी कोसळली. पण महाराज हलले नाहीत. त्यांचे अंग घामाने निथळत होते, ओठ काळवंडले होते. दुपार उतरली, अंगणातल्या तिरडीचे बांबू कुणीतरी गुपचूप उचलून मागे नेऊन टाकले, तरी त्या दोघांचे श्वास एकमेकांना धरून चालत राहिले. दिवेलागणीला महाराजांनी हात काढला. श्वास चालूच राहिला. आणि भास्कररावांची पापणी उघडली.

"आई," ते म्हणाले.

मग त्यांनी तुळसाबाईला शोधले. ती केव्हाच गेली होती. मैनेच्या पेजेची वेळ झाली होती ना!

अंगात चालण्याइतकी शक्ती आल्यावर भास्करराव काठी टेकत मठात गेले. महाराज माठात पाणी भरत होते. भास्कररावांनी साष्टांग नमस्कार घातला. किती तरी वेळ ते उठेनात.

"ऊठ. तुझं काही विचारायचं राहिलं होतं ना?"

"महाराज, तुम्हाला ऐकू कसं आलं?"

"तू मला कुठं हाक मारलीस? तू ज्याला हाक मारलीस त्यानं ऐकली. त्यानं मला उठवलं. मी जेवत होतो." महाराज हसले. "चांगलं वरण होतं रे."

भास्कररावही हसले, आणि हसता हसता त्यांना हुंदका आला. "मी म्हणत होतो त्याचा पुरावा नाही."

"म्हण ना. वर्गात मुलांना ते शिकवशील तेव्हा शिकव. प्रश्न वाईट नसतात."

"आणि मी 'राहतो' म्हणालो ते? ते माझं मी ठरवलं, की तुम्ही माझ्याकडून ठरवून घेतलंत?"

महाराजांनी माठावर झाकण ठेवले. "ते मलाही पुरतं ठाऊक नाही भास्करा. तुला मोकळं सोडलं होतं, एवढं खरं. तू काय म्हणशील याची मीही वाट बघत होतो."

भास्करराव पुन्हा वाकले, तेव्हा महाराजांनी पाय मागे घेतले. "मला एकदा पुरे. तुला जिथं जायचं आहे तिथं जा आता."

कुठे, ते विचारावे लागले नाही.

तुळसाबाईची भट्टी पेटली होती. वाळूत चणे फुटत होते. सावलीला खाटेवर मैना पडली होती, डोळे छपराकडे लागलेले. भास्करराव खाटेपाशी जमिनीवर बसले. तुळसाबाई गडबडीने उठली. "दादा, अहो खाली कशाला? चटई टाकते."

"नको. मला हिच्याशी बोलायचंय." ते मैनेकडे वळले. "मैना, मी भास्कर. तुझ्यासमोर बसून मी लोकांना सांगितलं की आत कुणी नाही. तू ऐकत असलीस तर तुला काय वाटलं असेल ते मला आता कळतं. मीही आत होतो. बाहेर माझ्याबद्दलही तसंच बोलत होते. तुझी आई आली नसती तर मी भीतीनंच मेलो असतो. मला क्षमा कर, पोरी."

मैना हलली नाही. तिचे डोळे वळले नाहीत. महाराजांनी भास्कररावांना उठवले, मग मैनेला का नाही उठवले, असे मला पुष्कळांनी विचारले आहे. मला ते माहीत नाही. महाराजांच्या कृपेचा हिशेब आपल्याला लागत नाही. ज्याच्या ओंजळीत जेवढी पडली तेवढी त्याने डोळ्यांना लावावी. भास्कररावही तिथे कसलीच खूण पाहायला थांबले नव्हते. त्या सुट्टीत आणि पुढच्या प्रत्येक सुट्टीत ते त्या खाटेशी जाऊन बसले आणि शहरातल्या गोष्टी, वर्गातल्या गमती, आकाशातल्या ताऱ्यांची माहिती तिला सांगत राहिले, मैना होती तोपर्यंत.

पण त्या पहिल्या दिवशी क्षमा मागून झाल्यावर ते पुढे वाकले. ज्यांच्यापुढे भल्या भल्या सभा गप्प होत, त्या भास्कररावांनी आपले डोके त्या मुक्या पोरीच्या पावलांवर टेकले.

तुळसाबाई भट्टीतली काठी टाकून धावत आली. तिने क्षणभर दोघांकडे पाहिले आणि मग लेकीच्या कानाशी वाकली.

"मैना," ती म्हणाली, "भास्करदादा आलेत बघ. तुझ्या पाया पडतायत. रडतायत गं. तू घाबरू नकोस, मी त्यांना पाणी आणते."